धावदोऱ्यापुरतं मान्य

३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आणि आता लिहितेय तेही कामासाठीच. कानावर पडेल तो शब्द शोषून घेते म्हणून लहानपणी तू मला टिपकागद म्हणायचीस. सध्या या टिपकागदावर एक मोठा डाग पडलाय आणि शाई तू केलेल्या इंग्रजी-मराठी कोशातली आहे.

मी ज्या कामगार लवाद कार्यालयात दुभाषी आहे तिथलं सगळं दप्तर इंग्रजीत चालतं, हे तुला ठाऊक आहे. कामगार मराठीत बोलतात, मी ते इंग्रजीत उतरवते, साहेब वाचून सही करतात. सहा वर्षांत माझ्या एकाही शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका तंबूच्या कारखान्यात बैठक झाली. तिथे एकतीस बायका शिलाई करतात. मालकांना शिलाईचा हॉल बंद करायचाय. पुढे कापड प्रत्येकीच्या घरी पोचवणार आणि शिवलेलं घरून उचलून नेणार. आत्या, तो हॉल तू बघायलाच हवास. साठ फूट रुंद, आणि मध्ये एक खांब नाही. पाऊल आत पडलं तसा माझा आवाज आपोआप खाली आला. आठ जणी चार कोपरे आणि चार कडा धरून कापड झटकतात, ते हवेत फुगतं, आणि खाली येईपर्यंत कुणी बोलत नाही. आठ बाय दहाच्या खोलीत, पलंग आणि शेगडी यांच्यामध्ये, हे कसं व्हायचं?

बायकांच्या वतीने त्यांची मुकादमीण बोलली. तिला सगळ्या फुटपट्टी म्हणतात, कारण ती तशीच उंच आणि सरळ आहे आणि तिला मोजायला पट्टी लागत नाही, हात पुरतो. तिच्या बोलण्याचं मी इंग्रजीत ‘ब्रॉड ॲग्रीमेंट’ केलं. ढोबळमानाने मान्य आहे, तपशील अजून ठरायचाय, असं माझ्या मनात होतं. त्या दोन शब्दांच्या जोरावर मालकांनी एक जुलैपासून हॉल बंद अशी नोटीस लावली. बायका म्हणतात, आम्ही असा होकार दिलाच नाही.

परवा सुनावणीत मालकांचे वकील उभे राहिले आणि त्यांनी तुझा कोश उघडला. पान एकशे त्रेचाळीस. ब्रॉड: रुंद, विशाल, विस्तीर्ण, उदार, सर्वव्यापी. सर्वव्यापी सहमती म्हणजे एकही बाई सुटली नाही, असं त्यांनी साहेबांना समजावलं. मला ढोबळ म्हणायचं होतं असं मी सांगितलं, तेव्हा साहेबांनी मला विचारलं की यात ढोबळ कुठे आहे. मी खाली मान घालून म्हणाले, कुठेच नाही. वकील हसून म्हणाले, दुभाषीबाईंना मोजमाप पटत नसेल तर नवल आहे, गज त्यांच्या आत्याच्याच घरचा आहे.

पुढची तारीख चोवीस जून. हॉल राहतो की जातो ते त्या दिवशी ठरेल. ब्रॉडचा अर्थ ढोबळ असाही होतो, एवढी एक ओळ सहीनिशी लिहून पाठवशील का?

रागवायचं असेल तर पत्रात रागव, लोभ मात्र आहे तेवढाच ठेव.

तुझी
भाची


७ जून

चि. टिपकागदास,
अ. उ. आ.

ओळ लिहून देणार नाही. कोश चोवीस वर्षं उभा आहे. त्यावर दोन पिढ्यांनी परीक्षा दिल्या, भाषणं केली, प्रेमपत्रं लिहिली. एका वकिलाने पान उघडून दात दाखवले म्हणून मी माझ्या शब्दांची रांग मोडू? कोश चुकत नाही, भाचीबाई. माणसं घाईत वाचतात.

आणि ढोबळ! ढोबळ हा आळशी माणसाचा शब्द आहे. ज्याला नेमकं सांगायचं नसतं तो ढोबळमानाने बोलतो. मी आयुष्यभर व्यासपीठावर उभी राहिले ती लोकांना विशाल व्हायला सांगायला. माझ्या विशालशेजारी मी ढोबळला बसायला जागा देणार नाही.

आता तुझ्याकडे वळते. तू दोन पानं लिहिलीस. हॉल किती फूट, कापड कसं फुगतं, वकील कसा हसला, सगळं आलं. आलं नाही ते एकच. त्या मुकादमिणीने तोंडाने काय उच्चारलं? तिचे शब्द कुठे आहेत? तू मला तुझं इंग्रजी सांगतेस, मग त्या इंग्रजीचं मराठी सांगतेस, आणि मूळ बाई मध्येच हरवली. दुभाष्याने असं केलं तर न्याय कुणाला मिळणार, वहीला? जा, तुझी टिपणवही काढ. नसेल तर तिच्याकडे जा, आणि तिचं वाक्य तिच्याच तोंडून घेऊन ये.

जेवणाकडे लक्ष दे. तुझ्या बापाला कळव की त्याचा गुडघा दुखतो म्हणून मला फोन करून उपयोग नाही, चालत जा म्हणावं.

रागाखाली माया आहे, ती चाळून घे.

आत्या


११ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग वही काढली. वाक्य सापडलं. माझ्याच अक्षरात, कोपऱ्यात, घाईने लिहिलेलं: “धावदोऱ्यापुरतं मान्य.”

ते वाचून मला स्वतःची लाज वाटली. बैठकीत मला त्याचा अर्थ लागला नव्हता. विचारायला हवं होतं. पण साहेब घड्याळ बघत होते, आणि मी मनाशी म्हटलं, म्हणजे साधारण मान्य. साधारणचं झालं ब्रॉड.

काल हॉलमध्ये जाऊन फुटपट्टीला विचारलं. ती आधी हसलीच. म्हणाली, सरकारने शिकलेली बाई पाठवली पण सुईत दोरा ओवलेली नाही पाठवली. मग तिने मला जमिनीवर बसवलं आणि कापडाचे दोन तुकडे हातात दिले. पक्की शिलाई मारण्याआधी दोन पट्टे लांब लांब टाक्यांनी नुसते जोडून ठेवतात, तो धावदोरा. कापड सरकू नये, जोड कसा बसतो ते बघता यावं, एवढ्यापुरता. जमलं तर त्याच्या बाजूने खरी शिलाई मारायची. नाही जमलं तर दोरा ओढायचा, कापडाला भोकही राहत नाही. दोन्हीकडे तो शेवटी काढायचाच असतो. तिने मालकांना सांगितलं होतं की तुमचं म्हणणं धावदोरा घालून ठेवतो, बसतंय का बघू.

आत्या, इतका नेमका होकार मी आजवर कुठल्या करारात वाचलेला नाही. त्यात अट आहे, मुदत आहे, माघार घ्यायची वाट आहे, आणि समोरच्याचा मानही राखलाय. चार अक्षरांच्या दोऱ्यात!

तेव्हा मुळात चूक माझी आहे आणि ती मी चोवीसला साहेबांसमोर सांगणार आहे. पण साहेबांचा लिपिक म्हणतो की माझं एकटीचं सांगणं पुरणार नाही. वकील म्हणतील, दुभाषीने आता शब्द फिरवला. कागदावर ब्रॉड आहे, आणि कागदाचा अर्थ कोशाने ठरतो. कोश तुझा आहे. म्हणून आता ओळ मागत नाही. तू स्वतः ये, एवढंच मागते. न येशील तरी मी समजेन, पण त्या एकतीस जणींना मला ते समजावता येणार नाही.

तुझी मर्जी असू दे, नसली तरी तुझीच,
भाची


१३ जून

प्रिय तोफेस,
थोरल्या भावाचे अ. आ.

पोरीने तुझी आणि तिची सगळी पत्रं नकलून मला पाठवली. वाचून गुडघा बरा झाला, एवढा हसलो. मग हसू थांबलं.

तुला आठवत नसेल म्हणून आठवण देतो. कोशाची पहिली मुद्रितं मी तपासत होतो. तू गावोगाव सभा गाजवत होतीस आणि मी इथे कानामात्रा मोजत होतो. बी या इंग्रजी अक्षराच्या गठ्ठ्यात मी तुला एक चिठ्ठी लावली होती: ब्रॉडमध्ये ढोबळ राहिलाय, घाल. तू सभेहून आलीस, घसा बसलेला, आणि त्या बसलेल्या घशाने माझ्यावर ओरडलीस. ढोबळ तुझं डोकं आहे, असं म्हणालीस. चिठ्ठी फाडलीस. त्या दिवसांत तुझी ‘विशाल मन’ नावाची व्याख्यानमाला चालू होती. तुला पानावरसुद्धा तेच व्याख्यान हवं होतं.

मी गप्प बसलो. तोफेच्या तोंडाशी कोण उभं राहणार? पण तेव्हा गप्प बसलो ही माझी चूक, म्हणजे या प्रकरणात आता आपण तिघंही आरोपी. पोरगी तिचा गुन्हा कबूल करायला निघाली आहे. तिचं वय एकोणतीस, तुझं एकाहत्तर. बघ कुणाला आधी जमतं.

फटकारलंस तरी उत्तर दे, तुझ्या शिव्यांवरच माझी तब्येत टिकून आहे.

दादा


१७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी मला आठवत होती. तुझं पत्र यायच्या आधीपासून आठवत होती. म्हणून तर पोरीवर एवढी ओरडले.

चार दिवस मी एका शब्दापुढे बसून आहे. माझी सगळी पुस्तकं खाली काढली, टेबल भरलं, जमीन भरली, आता झोपायला पलंगाची एक कड तेवढी उरली आहे. दादा, मी हा शब्द पाच अर्थांत निकालात काढला होता! समुद्राला वाटीने मोजून मी वर झाकण ठेवलं होतं.

ऐक. भरदिवसाला इंग्रजीवाले ब्रॉड डे म्हणतात. त्यांनी दिवस रुंद केला, आपण तो भरला. एकाच उजेडाकडे दोन भाषांनी बघितलं, एकीला त्याची कड दिसली नाही आणि दुसरीला त्यात रिकामी जागा दिसली नाही. न समजायला वेडंच असावं लागेल असा इशारा, तोही ब्रॉड. तिथे रुंद म्हणजे उघड. माणसाच्या बोलण्यात त्याच्या गल्लीचा हेल लपत नसेल तर ती बोली ब्रॉड, आणि चारचौघांत बायका पदर तोंडाला लावून हसतात तसा अघळपघळ चावट विनोद, तोही ब्रॉडच. मूठ भरून बी शेतभर फोकून द्यायचं, त्या पेरणीचं नाव ब्रॉडकास्ट, ते त्यांनी उचललं आणि रेडिओच्या आवाजाला दिलं. मी बावीस वर्षं आकाशवाणीवर भाषणं दिली आणि आपण बी फोकतोय हे मला एकदाही कळलं नाही. आणि हेही लिहून ठेव, याच शब्दाने काही गल्ल्यांत बाईला हिणवतात. ज्या शब्दात मी विशाल मन ठेवलं त्याच्याच माजघरात ही घाण पडलेली होती आणि मी दार लावून घेतलं होतं.

आणि शेवटी तुझा ढोबळ. तो आळशी नाही, दादा. तो प्रामाणिक आहे. मला सगळं दिसत नाही, लांबून आकार तेवढा दिसतोय, असं कबूल करणारा तो एकटाच अर्थ आहे. त्याला मी बाहेर ठेवलं, कारण व्यासपीठावरच्या माणसाला लांबून दिसतंय हे कबूल करायची सवय नसते.

पूर्ण भरलेला दिवस आणि अर्धाच दिलेला होकार एका शब्दात शेजारी शेजारी नांदतात, कुणी कुणाला ढकलत नाही. एवढी जागा माझ्यात नाही. मी चार दिवस त्या शब्दापुढे मान वाकवून बसले आहे, आणि मला वाकायची सवय नाही हे तुला माहीत आहे.

बावीसला पोरीकडे पोचते. तिला कळवू नकोस, आधीच घाबरली आहे.

चिठ्ठी फाडली, तिची माफी या पत्राने भरून येत नाही, तरी घे.

तोफ


२५ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल सुनावणी झाली. तुम्ही निकाल विचारायच्या आधी सांगते, हॉल सध्या उघडा आहे.

आधी मी उभी राहिले. वही दाखवली, म्हटलं की मला धावदोरा कळला नव्हता आणि मी न विचारता त्याचं ब्रॉड केलं. वकिलांनी अपेक्षेप्रमाणे टोमणा मारला की दुभाषीबाईंची आठवण फार सोयीने जागी होते. मग त्यांनी कोश उचलला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आत्या उठली. बाबा, तिने आवाज चढवला नाही. मी तिला असं बोलताना कधी ऐकलेलं नाही. हा कोश माझा आहे, असं तिने सांगितलं, पान एकशे त्रेचाळीसवर एक अर्थ राहिलाय, तो विसरला नव्हता, मी तो हट्टाने वगळला होता, आणि त्याची शिक्षा या बायकांना होऊ नये.

वकिलांनी विचारलं की मग हे पान फाडायचं का. आत्या म्हणाली, फाडायची सवय मला होती, आता मोडली. तिने पेन काढलं, त्यांच्याच प्रतीत समासात ‘ढोबळ, तात्पुरतं, कच्चं’ असं लिहिलं आणि खाली तारखेसह सही ठोकली. वकील ओरडले की प्रत माझी आहे. आत्या म्हणाली, आता तिची किंमत वाढली. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

मग वकिलांनी नेमका प्रश्न टाकला. एका पानावर हट्ट झाला असेल तर बाकीच्या नऊशे पानांवर विश्वास का ठेवायचा?  आत्याने पेनाचं टोपण लावलं. ठेवू नका, असं ती म्हणाली. शब्द अडला की कोश बघा, आणि माणूस समोर असेल तर आधी त्याला विचारा. चोवीस वर्षांचं काम तिने तिथे, परक्या खोलीत, हाताने उचलून बाजूला ठेवलं. मला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

साहेबांनी तसंच केलं. फुटपट्टीला विचारलं. तिने पिशवीतून धावदोरा घातलेले दोन पट्टे काढून साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि दोरा त्यांनाच ओढायला सांगितला. साहेबांनी ओढला. बस्स.

हुकूम असा: एप्रिलचा होकार धरायचा नाही. सहा जुलैला हॉलमध्येच नवी बैठक. एकीने सगळ्यांच्या वतीने नाही, प्रत्येकीने आपलं बोलायचं. डाव्या रकान्यात मराठी, जशीच्या तशी. उजव्या रकान्यात इंग्रजी. माझ्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला. पडायलाच हवा होता.

आत्या बैठकीपर्यंत माझ्याकडे राहतेय. माझी भांडी तिने स्वतःच्या पद्धतीने लावली आहेत, मला चमचा सापडत नाही.

गुडघ्याला जपा, आणि मला शेरा पडला म्हणून माझ्यावरची माया हातचं राखून करू नका.

तुमची
लेक


८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल आधी देते म्हणजे तू शांतपणे वाचशील. हॉल राहिला. चोवीस जणींनी नकार दिला, पाच जणींनी घरून शिवणं पत्करलं, एकीने मुदत मागितली. एकतिसावीचं शेवटी सांगते. साहेबांनी तिथेच लिहून दिलं की हॉल बंद करता येणार नाही, ज्या पाच जणींना घरून लहान काम हवंय त्यांना ते द्यावं. मालकांनी सही केली. खुशीने नाही, पण केली.

मी हजारोंच्या सभा घेतल्या. परवा साडेचार तास एका कोपऱ्यात जमिनीवर बसून नुसती ऐकत होते. मला वाटत होतं, हो किंवा नाही, दोनच शब्द येणार. दादा, एकतीस आले! एक नाही म्हणाली ती नवऱ्यावरचा राग काढून. एक म्हणाली, इथे मला हाक मारतात, घरी नुसतं बोलावतात. एकीने हो म्हटलं, कारण तिची सासू अंथरुणाला आहे, आणि ते हो म्हणताना ती हॉलच्या छताकडे बघत होती. ते ऐकून नकार देणाऱ्या दोघी उठल्या आणि तिच्या जवळ जाऊन बसल्या. फुटपट्टीने सगळ्यात कमी शब्द वापरले आणि ते ऐकून मालक हसले, पण ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत. ब्रॉड होते.

टिपकागद एकेक शब्द डाव्या रकान्यात घेत होती. काही अडलं की बाईला थांबवून विचारत होती. घड्याळ कुणी बघितलं नाही. अधूनमधून उजव्या रकान्यासाठी ती माझ्याकडे वळे, मी हळूच एखादा शब्द पुरवी. माझा कोश मी घरी ठेवला होता.

शेवटची बाई सगळ्यात म्हातारी. खिडकीजवळच्या मशीनवर बसते, कमी ऐकू येतं. साहेबांनी तीनदा विचारलं. मग ती उठली आणि एका भिंतीपासून चालायला लागली. सावकाश. समोरच्या भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला, परत आली. आम्ही सगळे, मालकसुद्धा, तिच्या पावलांकडे बघत राहिलो. परत आल्यावर तिने सांगितलं की घरी तिला चौथ्या पावलाला भिंत लागते. साहेबांनी विचारलं, हे हो समजायचं की नाही. ती म्हणाली, लिहा.

पोरीने लिहिलं, आणि मग पेन उजव्या रकान्यावर धरून तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. एकाहत्तर वर्षं वाचलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. मी नकारार्थी मान हलवली. रकाना आम्ही कोरा ठेवला, आणि साहेबांनी त्यावर तशीच सही केली.

तुझ्या मायेची सावली माझ्यावर अशीच पडत राहो.

तोफ